घर सोडून निघण्यावरचा छोटा, शांत गेम सुचवा (मुलासोबत खेळायचाय)

मोरपीस

नमस्कार मंडळी,

मुलगा तीन आठवड्यांनी शिकायला बाहेर जातोय. तो लहान असल्यापासून मी त्याच्या शेजारी बसून त्याचे गेम बघत आलेय, पण कंट्रोलर कधी हातात घेतला नाही. परवा तोच म्हणाला, "आई, जायच्या आधी आपण दोघं मिळून एक गेम संपवू या." मी लगेच हो म्हटलं. कोणता, ते मात्र दोघांनाही ठरवता येईना.

मारामारी नको. वेळेची घाई नको. चुकलं की मेलात, पुन्हा पहिल्यापासून, असंही नको. फिरायचं, बघायचं, वाटेत कोणी भेटलं तर बोलायचं. गोष्ट घर सोडून निघण्याची असावी, निदान त्याच्या आसपासची. दोन-तीन संध्याकाळींत संपायला हवा. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

आणि मला खेळायचंय, नुसतं बघत बसायचं नाही. त्या दृष्टीने सुचवा.

वाटसरू

ताई, डोळे झाकून 'अ शॉर्ट हाइक' घ्या. 2019 सालचा आहे, ॲडम रॉबिन्सन-यू या कॅनडातल्या डेव्हलपरने जवळजवळ एकट्याने केलेला. 2020 मध्ये स्वतंत्र गेमांच्या महोत्सवात, म्हणजे आयजीएफमध्ये, त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दीड-दोन तासांत शिखर गाठता येतं, रमतगमत खेळलात तर चार तास. जुन्या लॅपटॉपवर सहज चालतो.

क्लेअर नावाची पक्षीण सुट्टीत मावशीकडे आली आहे. मावशी तिथल्या अभयारण्यात रेंजर आहे. क्लेअरला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायची आहे आणि खाली रेंज नाही. डोंगरमाथ्यावर मिळते म्हणतात, म्हणून ती निघते. बाकी सगळा गेम म्हणजे ही चढण. वाटेत सोनेरी पिसं मिळत जातात. जितकी पिसं, तितके पंख जास्त वेळा फडफडवता येतात आणि कड्याला धरून जास्त वर जाता येतं. दम संपला तर क्लेअर खाली येते, लागत-बिगत काही नाही.

खरी गंमत वाटेवर आहे. किनाऱ्यावर वाळूत खेळणारं पोर आहे, हरवलेला हेडबँड सापडल्याशिवाय न धावणारी एक धावपटू आहे, मासे पकडायला शिकवणारा एक जण आहे. कोणी घाई करत नाही. मार्क स्पार्लिंगचं संगीत तुम्ही कुठे आहात त्याप्रमाणे बदलत जातं. किनाऱ्यावर ते मोकळं असतं आणि वर बर्फात पोचलात की अगदी थोडे सूर उरतात. तिथे आवाज वाढवून खेळा.

घर सोडण्याची गोष्ट सरळ सांगितलेली नाही. पण तो फोन कोणाचा हे कळल्यावर तुम्हीच म्हणाल की हा तोच विषय आहे. याहून जास्त सांगत नाही.

निळाई

शॉर्ट हाइकला +१. पण घर सोडणं हाच विषय हवा असेल तर 'सेबल'चं नाव घ्यायलाच हवं. 2021 चा, लंडनच्या शेडवर्क्सचा. सेबल ही वाळवंटात राहणाऱ्या टोळीतली मुलगी. त्यांच्यात ठरावीक वयाला प्रत्येकाने टोळी सोडून एकट्याने फिरायला निघायचं असतं, त्याला 'ग्लायडिंग' म्हणतात. प्रत्येक धंद्याचा एक मुखवटा असतो. ती कामं करून बघायची, एकाच कामाचे तीन बिल्ले मिळाले की त्याचा मुखवटा मिळतो. परत कधी जायचं आणि कोणता मुखवटा कायमचा घ्यायचा, हे तुम्ही ठरवता. पुष्कळ मुखवटे गोळा करून साधासा निवडलात तरी चालतं, चूक असं काही नाही.

मी हा घर सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी खेळले. पुढे काय करणार असं सगळे विचारत होते आणि मला उत्तर येत नव्हतं. या गेममध्ये तो प्रश्न कोणी घाईने विचारत नाही. माझ्यासाठी ते फार मोठं होतं.

अडचण दोन. एक म्हणजे छोटा नाही, आठ-दहा तास सहज जातात. दुसरं, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर अडखळेल.

खारूताई

'अनपॅकिंग' कोणी कसा सुचवला नाही? फिरण्याचा गेम नाही हे मान्य, पण घर सोडण्यावर इतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

1997 ते 2018 या काळात एक मुलगी आठ वेळा घर बदलते. दर वेळी तुम्ही फक्त खोकी उघडून सामान लावायचं. ती कधी दिसत नाही, बोलत नाही. पहिली खोली लहान मुलीची, मग कॉलेजची, मग मैत्रिणींबरोबरचं घर. काही वस्तू घरोघर तिच्याबरोबर येतात आणि काही मध्येच यायच्या बंद होतात, ते तुमच्याच हातांना कळतं. एका घरात ती जोडीदाराकडे राहायला जाते. त्याचं सामान आधीच सगळीकडे आहे आणि हिची पदवीची फ्रेम भिंतीवर कुठेच मावत नाही. मी दहा मिनिटं इकडून तिकडे करत बसले. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागली. त्या नात्यात तिचं काय होणार ते मला तेव्हाच कळलं.

माउसने वस्तू उचलायची, ठेवायची, एवढंच. त्यामुळे ताई, तुम्हाला पहिल्या मिनिटापासून जमेल. वस्तू चुकीच्या जागी ठेवली की लाल कडा दिसते. ती नको असेल तर सेटिंगमध्ये 'कुठेही ठेवू द्या' असा पर्याय आहे. तीन-चार तासांचा आहे.

शांताराम_८२

'ओल्ड मॅन्स जर्नी'. 2017. एक म्हातारा, एक पत्र, पाठीला पिशवी लावून निघतो. टेकड्या बोटाने वर-खाली ओढून त्याची वाट जुळवायची. गेमभर एक शब्द नाही. दीड तास. फोनवरही चालतो.

निळाई

शांतारामजी, गेम अप्रतिम आहे, चित्रं तर भिंतीवर लावावीत अशी. पण या प्रसंगाला मी तो सुचवणार नाही. घर सोडून गेलेला माणूस मागे काय हरवून बसला याची ती गोष्ट आहे आणि शेवट जड आहे. मुलगा निघताना आईने तो बघू नये असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांनी जरूर खेळा.

शांताराम_८२

पटलं. मी तो माझ्या वयाच्या नजरेने सुचवला. मागे घेतो.

मोरपीस

सगळ्यांचे आभार, इतक्या आपुलकीने लिहिलंत. शॉर्ट हाइक नक्की. एक शंका आहे. पूर्वी एकदा मुलाने एक थ्रीडी गेम हातात दिला होता. एका अंगठ्याने चालायचं आणि दुसऱ्याने मान वळवायची, ते मला जमेना. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि दहा मिनिटांत गरगरायला लागलं. यात तसं होईल का?

वाटसरू

ताई, नवीन खेळणाऱ्या बहुतेकांची अडचण तीच असते, तुमची एकटीची नाही. दोन अंगठ्यांनी दोन वेगळी कामं करायची सवय लागायला वेळ लागतो. शॉर्ट हाइकमध्ये कॅमेरा बराचसा आपला आपण सरकतो, तुम्ही फक्त चालायचं आणि उडी मारायची. बटण दाबून धरलं की क्लेअर तरंगते.

थोडी तयारी सांगतो. गेमचं चित्र मुद्दाम मोठ्या ठोकळ्यांचं ठेवलं आहे. डोळ्यांना त्रास झाला तर सेटिंगमध्ये ते बारीक करता येतं. पहिला अर्धा तास वर जाऊच नका, किनाऱ्यावरच फिरा. उडणं तिथे हाताला बसतं. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की मागितल्याशिवाय कंट्रोलर हातातून घ्यायचा नाही. मी माझ्या आईबरोबर खेळताना दर अवघड जागी "दे, मी करतो" म्हणत गेलो. तिसऱ्या दिवशी ती खेळायला बसलीच नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अबोली

उशिरा लिहितेय. 'सीझन: अ लेटर टू द फ्युचर' कुठे मिळत असेल तर त्याचा निदान पहिला तास दोघं मिळून खेळा. 2023 चा, माँट्रियालच्या स्कॅव्हेंजर्स स्टुडिओचा. एस्टेल नावाची मुलगी गाव सोडून निघते, कारण तिचं जग लवकरच बदलणार आहे आणि त्याआधी तिला त्याची नोंद करून ठेवायची आहे. पुढे ती सायकलवर फिरते, फोटो काढते, आवाज टेप करते आणि सगळं वहीत चिकटवते. कोणता फोटो ठेवायचा, कुठे लावायचा ते तुम्ही ठरवायचं.

पण मी सांगतेय ती सुरुवात. निघण्याआधी आई तिच्यासाठी एक लॉकेट करते. त्यात पाच इंद्रियांच्या पाच आठवणी घालाव्या लागतात, आणि दिलेली आठवण मग देणाऱ्याकडे राहत नाही. कोणत्या द्यायच्या ते मायलेकी घरभर फिरून ठरवतात. घाई नाही, मोठं संगीत नाही, रडारड नाही. निघण्यावर मी खेळलेला सगळ्यात खरा प्रसंग हाच. याला मात्र बरं मशीन लागतं.

वाचनखूण

'गॉन होम'ही आहे, 2013 चा, दोन-अडीच तासांचा. 7 जून 1995 च्या रात्री थोरली मुलगी परदेशातून घरी येते तर घरात कोणीच नाही. वादळ चालू, दिवे बंद. भुताटकी वाटते पण शेवटपर्यंत भूत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. चिठ्ठ्या वाचत वाचत धाकटी बहीण कुठे आणि का गेली ते उलगडतं. फक्त त्यात मान वळवावी लागते, म्हणून ताईंसाठी नाही, चिरंजीवांसाठी. बाकी धागा साठवून ठेवतोय.

मोरपीस

मंडळी, सांगायला आलेय.

शॉर्ट हाइक तीन संध्याकाळींत झाला. पहिली संध्याकाळ पूर्ण किनाऱ्यावर गेली. वाटसरू, तुमचा नियम मी मुलाला वाचून दाखवला. तो हात मांडीखाली घेऊन बसला. कड्यावरून सात-आठ वेळा घसरले, तो काही बोलला नाही, फक्त एकदा "उजवीकडून बघ" म्हणाला. वर बर्फात पिसं गोठायला लागल्यावर मीच कंट्रोलर पुढे केला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला. माथ्यावर मीच पोचले. फोन वाजला तेव्हा आम्ही दोघं गप्प होतो.

त्याचा कॉलेजसाठीचा नवा लॅपटॉप आलाय, म्हणून काल सीझनचा पहिला तास झाला. वासाची आठवण कोणती द्यायची यावर आमचं वीस मिनिटं एकमत होईना. त्याला जी द्यायची होती ती मला ठेवायची होती. शेवटी त्याचं ऐकलं.

निळाई, सेबल त्याच्याबरोबर जातोय. पहिला मुखवटा कोणता मिळाला ते फोनवर सांगणार म्हणालाय. मी इकडे शॉर्ट हाइकमधली राहिलेली पिसं शोधतेय. त्या धावपटूचा हेडबँड अजून सापडलेला नाही. कोणाला माहीत असला तरी कृपया सांगू नका.