गुडघा मोबाईलमध्ये बघून वाकत नसतो

मंगळवारपेठकर:
काल इथंच एकानं लिहिलं, ‘गुडघा बदलल्यावर फिजिओ घरी कशाला? व्हिडिओ कॉलवर सगळं होतंय, घरी येणारे नुसतं गाडीभाडं काढतात.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतोय. दिवाळीनंतर आईचं ऑपरेशन झालं. पहिला महिना आम्हीही व्हिडिओवरच काढला. आई कॉटवर, मी मोबाईल धरून उभा, पलीकडनं बाई सांगतायत, ‘टाच मागं ओढा आजी, अजून थोडी.’ आई ओढायची. बाई म्हणायच्या, छान! महिन्यानं सर्जननी पट्टी लावून कोन मोजला, तर जेमतेम ७०. आई कंबर उचलून आख्खा पाय मागं न्यायची, गुडघा होता तिथंच. लुगड्याच्या घोळात ना मला दिसलं ना बाईंना. हात लावणारं माणूस असतं तर पहिल्या दिवशी पकडलं असतं. भूल देऊन वाकवायची पाळी थोडक्यात टळली.

बावडारोड:
तुमच्या पेठेत गल्लीगणिक फिजिओ. आमच्याकडं गगनबावड्याच्या अंगाला कोण येतंय? पाणी चढलं की रस्ताच बंद. वडिलांचं ऑपरेशन जूनात केलं (चूक आमचीच), पुढचे दोन महिने सगळं मोबाईलवर. आज ११० वाकवतात, शेतावर चालत जातात. आणि कॅनडात क्यूबेकला २०५ पेशंटवर हीच तुलना केली होती, २०१५ला छापून आलीय. घरी व्हिडिओवर केलेले समोर बसून केलेल्यांपेक्षा मागं पडले नाहीत.

मंगळवारपेठकर:
कॅनडातल्या म्हाताऱ्या लुगड्यात व्यायाम करत नाहीत.

जुना गडी:
व्हिडिओ नको नि फिजिओ नको. आमच्या तालमीत वस्तादांनी किती गुडघे उभे केले, मोजदाद नाही. कोमट तिळाचं तेल, मांडीपासनं घोट्यापर्यंत दाबून मालीश, पंधरा दिवसांत माणूस आखाड्यात. तुमच्या डिग्रीवाल्यांच्या हाताला जोरच नाही.

राजारामपुरी फिजिओ:
काका, मुरगळलेला गुडघा वेगळा नि बदललेला वेगळा. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती चोळली नि सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तेल नाही, सर्जनला फोन. गाठ होऊ नये म्हणून तर घोटा वर-खाली करायला पहिल्या दिवसापासून सांगतो.
बावडारोड, त्या कॅनडावाल्यांच्या घरी वेगवान इंटरनेट होतं आणि फिजिओला लांबून फिरवता येणारा कॅमेरा. तुमच्याकडं रेंजसाठी माडीवर चढावं लागतं.

जुना गडी:
वस्तादांच्या हातात कुणी मेलेलं ऐकलं नाही. आधी हे सांगा, नावापुढं डॉक्टर लावता का?

शाहूपुरी ४:
आला मुद्द्यावर! सप्टेंबर २०२५ला दिल्लीनं ‘लावू नका’ म्हणून पत्र काढलं नि दुसऱ्याच दिवशी मागं घेतलं. सरकारलाच ठरवता येईना.

राजारामपुरी फिजिओ:
लावतो. साडेचार वर्षं शिकलोय, इंटर्नशिप धरून. आता गुडघ्यावर बोलायचं का?

जुना गडी:
वस्ताद चाळीस वर्षं शिकवतायत, ते नाही लावत.

धाकटी सून:
बाप्यांनो, तुमचं चालू द्या. सकाळी अकराला मोबाईल धरून कोण बसतं ते कुणी विचारलं नाही. मी बसते. घरी फिजिओ आल्या तरी चहा माझ्याच वाट्याला, पण त्यांचा एक फायदा झाला. सासूबाई दिवसभर गुडघ्याखाली उशी घ्यायच्या, बरं वाटतं म्हणून. कॉलची वेळ झाली की उशी कॉटखाली. दीड महिना त्या व्हिडिओवाल्या डोकं खाजवत होत्या, पाय सरळ का होईना. घरी आलेल्या बाईंचा पाय त्या उशीलाच लागला.

बावडारोड:
हा हा. आमच्या आबांनी पण असलं काय लपवलं असंल तर देव जाणे.

मंगळवारपेठकर:
बघा, आलात की वाटेवर. बरं, मीही एक पाऊल मागं घेतो. पुरात व्हिडिओ चालेल. पण पहिल्या पंधरवड्यात दोनदा तरी माणसानं येऊन गुडघ्याला हात लावलाच पाहिजे.

बावडारोड:
या की मग. गाडीभाडं तुम्ही द्यायचं.

मंगळवारपेठकर:
काल ज्यानं गाडीभाड्यावरनं सुरू केलं, त्याच्याकडनं घ्या.

जुना गडी:
फिजिओसाहेब, जरा इकडं. टाके निघाल्यावर मांडीला तरी तेल चालतंय का? वस्तादांना सांगून ठेवलंय. पुढच्या सोमवारी आमच्या मंडळींच्या गुडघ्याची तारीख आहे.

राजारामपुरी फिजिओ:
सोमवारनंतर मी घरी येतो. वस्तादांना पण बोलवा, चहाला.