आठवीतल्या मुलीला मानसिक आरोग्य केंद्रात पाठवण्यासाठी शिफारसपत्र लिहायचं आहे, नेमकं काय लिहू?

मधली सुट्टी

नमस्कार. मी वर्गशिक्षिका आहे, आठवीचा वर्ग. चौदा वर्षं शिकवते आहे, पण या एका बाबतीत मला अजून धीर होत नाही, म्हणून इथे विचारते.

माझ्या वर्गातली एक मुलगी गेले सहा आठवडे दप्तर खाली ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसते. सगळ्या चेनी लावलेल्या, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. वही हवी असली की चेन वीतभर उघडते, वही ओढून काढते, चेन लगेच बंद. फलाटावर गाडीची वाट बघत माणूस बसतो ना, तशी. आधी वाटलं, वर्गात काही चोरीला गेलं असेल. मग बाकीचं दिसायला लागलं. दुसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणून बाहेर जाते. सोमवारी बहुतेक वेळा येतच नाही. वहीच्या मागच्या पानांवर ती सायकली काढायची, नुसत्या सायकली, एकेका चाकाचे सगळे आरे मोजून. महिनाभर एकही सायकल नाही.

गुण मात्र पडलेले नाहीत. त्यामुळे स्टाफरूममध्ये विषय काढला की "हुशार आहे ती, होईल ठीक" एवढ्यावरच मिटतो. आईला काळजी आहे, ती तयार आहे. वडील म्हणतात, वयच तसं आहे, उगाच शिक्का बसेल.

आमच्या भागात मुलांसाठी मानसिक आरोग्य केंद्र आहे आणि शाळेमार्फत तिथे पाठवता येतं. त्यासाठी पत्र लागतं, आणि मला भीती त्या पत्राचीच वाटते. तीन वर्षांपूर्वी एका मुलासाठी मी असंच पत्र दिलं होतं. "अभ्यासात लक्ष नाही, उदास असतो, चिडचिड करतो, कृपया मार्गदर्शन व्हावे." सात आठवड्यांनी ते परत आलं, वर शेरा 'माहिती अपुरी'. तोवर त्या मुलानं शाळा सोडली होती. त्या पत्राची प्रत अजून माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढून वाचते आणि प्रत्येक वेळी वाटतं, त्याच्याबद्दल मला केवढं माहीत होतं आणि मी त्यातलं काहीच लिहिलं नाही.

तर पत्रात काय लिहू आणि काय टाळू? मुलीला आधी सांगू का? आणि तिकडून बोलावणं येईपर्यंत मी काय करायचं?

पत्रवाचक

बाई, मी अशाच एका केंद्रात आलेली पत्रं पहिल्यांदा वाचायचं काम करते. अकरा वर्षं झाली. तुमचं ते जुनं पत्र नुसता शेरा मारून परत पाठवायला नको होतं. शाळेत एक फोन केला असता तर पाच मिनिटांत सगळी माहिती मिळाली असती. ती चूक तुमची एकटीची नव्हती, हे आधी सांगते.

आता या मुलीचं. तुम्ही वर जे लिहिलंय ना, दप्तर, सोमवार, सायकली, ते तसंच पत्रात घाला. मला हेच लागतं. "उदास असते" यावरून मला काहीही ठरवता येत नाही, कारण माझ्यापुढच्या प्रत्येक पत्रात ते असतंच. हजेरीपट काढा आणि मोजून लिहा: सहा सोमवारांपैकी किती चुकले, आठवड्यातून किती वेळा पोट दुखलं, कोणत्या तासाला. हे कधी सुरू झालं आणि त्याच्या आगेमागे काही घडलं का? घरीही असंच चालतं की फक्त शाळेत? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, या सगळ्यामुळे तिचं काय बंद पडलंय? सायकलींचं एक वाक्य मला दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

गुण पडलेले नाहीत, हेही लिहा. पुष्कळ मुली शाळेत सगळं सावरून धरतात आणि घरी गेल्यावर कोसळतात. ते मागे राहिलं तर इकडचा माणूस एक दिवस शाळेत फोन करतो, "अभ्यास उत्तम आहे" ऐकतो आणि कागद खाली सरकवतो. हे मी होताना पाहिलंय.

निदान लिहू नका. 'डिप्रेशन', 'अँग्झायटी' हे शब्द आमच्यावर सोडा. चुकीचा शब्द एकदा कागदावर चढला की वर्षानुवर्षं त्या मुलाच्या मागे फिरतो. 'हट्टी', 'नाटकी', 'लक्ष वेधून घेण्यासाठी' हे तर मुळीच नको. शाळेनं आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्यातलं काय थोडंफार लागू पडलं, हे लिहा. तिची मैत्रीण कोण, ती कोणाशी बोलते, हेही.

जमलं तर सोबत एसडीक्यू जोडा. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी 1997 मध्ये मांडलेली ही 25 विधानांची प्रश्नावली आहे. भावना, वागणूक, चंचलता, मित्रमैत्रिणींशी जमणं आणि दुसऱ्याला मदत करणं, प्रत्येकाची पाच विधानं. एक प्रत तुम्ही भरायची, एक पालकांनी. मुलगी अकरा वर्षांच्या पुढची आहे, तेव्हा तिची स्वतःची प्रतही असते. मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून बघते. आई आणि शिक्षिका 'नाही' म्हणतात आणि मुलगी 'अगदी खरं' म्हणते, अशी एखादी ओळ सापडली की पहिल्या भेटीत बोलणं तिथूनच सुरू करता येतं. पण त्यातून निदान होत नाही, आणि पत्राऐवजी नुसती प्रश्नावली पाठवूनही चालत नाही.

एक परिच्छेद सुरक्षिततेचा, वेगळा. स्वतःला इजा करणं, जगायला नको वाटणं, असं ती कधी बोलली आहे का? तुम्ही विचारलं आहे का? विचारलं नसेल तर 'विचारलेलं नाही' असं लिहा. रिकामी जागा वाचणाऱ्याला 'काही नाही' अशी वाटते. आणि उत्तर 'हो' आलं, तर पत्र बाजूला ठेवा. त्याच दिवशी फोन, पालकांना बोलावणं, तातडीची सेवा, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

एकाचा बाबा

तुमच्या मुलीच्या वडिलांबद्दल बोलतो, कारण मी तेच होतो. मुलगा बारा वर्षांचा होता, सकाळी बूट घालायला बसायचा आणि अर्धा तास नुसता नाडी हातात धरून. मी ओरडायचो. शाळेतून रेफर करायचं म्हणाले तेव्हा मीही शिक्क्याचंच बोललो होतो.

त्याच्या बाईंनी वाद घातला नाही. हजेरी दाखवली, त्या महिन्यात नऊ दिवस गैरहजर. आणि म्हणाल्या, "वयाचा भाग असेल तर तेही तेच सांगतील, मग आपण दोघंही निश्चिंत." या वाक्यावर मी सही केली. मला चूक ठरवलं असतं तर केली नसती. शिक्क्याची भीती वाटणाऱ्या बापाला कागद कुठे राहणार, कोण वाचणार, पुढच्या शाळेत जाणार का, हे सरळ सांगा. मला कुणी ते सांगितलं नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात वाईटातलं वाईट धरून बसलो होतो.

नंबर लागायला चार महिने गेले. आम्ही ते नुसते वाट पाहण्यात घालवले, याचं मला अजून वाईट वाटतं. बरं नाही तर राहू दे घरी, असं करत गेलो आणि प्रत्येक दिवसागणिक शाळेत परत जाणं अवघड होत गेलं. शेवटी त्याच्या बाईंनी दोन गोष्टी केल्या. त्याची जागा दाराजवळ दिली. आणि एक कार्ड दिलं, ते बाकावर ठेवलं की काही न विचारता दहा मिनिटं ग्रंथालयात जाऊन बसायची परवानगी. पहिल्या आठवड्यात रोज वापरलं. नंतर ते नुसतं खिशात असायचं.

खिडकीजवळचा बाक

मी आता एकोणीस वर्षांची आहे. चौदाव्या वर्षी मला असंच पाठवलं होतं. मला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. तिथल्या टेबलावर माझी फाइल उघडी होती आणि उलट्या बाजूनं मी वाचलं, "विद्यार्थिनी सहानुभूती मिळवण्यासाठी असे वागते." तीन भेटी झाल्या, मी एक शब्द बोलले नाही. समोरच्या ताई खरंच चांगल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

म्हणून मॅडम, पत्र पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवा. संपूर्ण. काय चुकलंय विचारा, आणि ती म्हणेल ते बदला. मुलांना आपल्याबद्दलच्या निर्णयात मत मांडायचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात बारावं कलम त्याचंच आहे. पण मला तेव्हा कलम नको होतं. मला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं की तुझं काय म्हणणं आहे.

आणि एक, "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते मोडावं लागलं तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही. "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन" एवढं म्हणा.

बालरोग डॉक्टर

थोडक्यात लिहितो. पोटदुखी खरी असते. तपासण्यांत काही निघालं नाही याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा होत नाही. ताण आला की आतड्यांना तो खरोखर जाणवतो. तरी एकदा साधी तपासणी व्हायला हवी: दृष्टी, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि झोप किती होते. मात्र रिपोर्ट येईपर्यंत पत्र थांबवू नका, दोन्ही बरोबरीनं चालू द्या.

घरी राहिलं की पोट लगेच थांबतं, आणि तिथेच फसायला होतं. टाळल्यामुळे लगेच बरं वाटतं, म्हणून दुसऱ्या सोमवारी टाळण्याची ओढ आणखी वाढते. वरच्या बाबांनी सांगितलेलं कार्ड म्हणूनच उपयोगी. शाळा सुटत नाही आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

वडिलांना हेही सांगता येईल की हे दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 वयोगटात सातपैकी एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार असते. आणि मुलांमधलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसू शकतं, त्यामुळे 'वयच तसं' या नावाखाली ते सहज झाकलं जातं.

जगण्याबद्दल थेट विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, हे बोलता येतं असं मुलाला कळतं.

मधली सुट्टी

नऊ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांची उत्तरं मी छापून घेतली होती.

आधी तिच्याशी बोलले. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, समोरासमोर न बसता तिच्या शेजारच्या बाकावर. डॉक्टर, तुम्ही सांगितलेला प्रश्न थेट विचारला. माझाच घसा कोरडा पडला होता. ती म्हणाली, "तसं नाही बाई. फक्त कधीकधी वाटतं, झोपून उठूच नये बरेच दिवस." मी तिचे शब्द तिथल्या तिथे लिहून घेतले, तिला दाखवून. तिला सांगितलं की हे मला आईला सांगावं लागेल, का ते सांगितलं, आणि आईला बोलावलं तेव्हा ती माझ्या शेजारीच होती. केंद्रात त्याच दिवशी फोन केला. त्यांनी बरंच विचारलं, तिच्याशीही फोनवर बोलले आणि सांगितलं की पत्र पाठवा, बदल वाटला तर त्याच क्षणी फोन करा.

वडिलांना हजेरी दाखवली, सहापैकी चार सोमवार. कागद कोण वाचणार तेही सांगितलं. ते बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सोमवारी मी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडतो." म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं.

मग पत्र तिला वाचून दाखवलं. दप्तराच्या वाक्यावर ती थांबली. मी लिहिलं होतं, "दप्तर सतत मांडीवर ठेवते, निघून जाण्याच्या तयारीत असल्यासारखी." म्हणाली, "निघून जायला नाही. ते जड असतं ना, म्हणून. जड असलं की पाय हलत नाहीत माझे." इतके दिवस मी त्याचा अगदी उलटा अर्थ लावत होते. माझं वाक्य खोडून तिचं घातलं.

नंबर सात आठवड्यांनी आहे. जागा दाराजवळ दिली आहे, कार्डही केलंय. पत्रवाचक ताई, एकच विचारायचं आहे: मध्ये काही बदललं, चांगलं किंवा वाईट, तर पुन्हा पत्र द्यायचं की भेटीच्या दिवशी सांगायचं?

पत्रवाचक

वाईट असेल तर लगेच फोन, कोणत्याही दिवशी. तारीख अलीकडे आणता येते, पण ती आणायला कारण हातात असावं लागतं. चांगलं असेल तर तारीख घालून दोन ओळी पाठवा, मी पहिल्या पत्राला जोडून ठेवते. आईला सांगा, सात आठवड्यांच्या मध्यावर एकदा स्वतः फोन करून नाव यादीत आहे ना याची खात्री करून घ्या. आणि त्या दप्तराच्या वाक्याखाली "हे तिचे शब्द" असं लिहिलं नसेल तर लिहा.

मधली सुट्टी

लिहिलं. तिनेच अवतरणचिन्हं घातली.