पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांना पाणी किती घालावं? (गोवा)

मिरामार_तिसरा_मजला
नमस्कार. फ्लॅटमध्ये मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली आणि अरेका पाम आहेत. मे महिन्यात दिवसाआड पाणी देत होते, अजूनही तसंच चालू आहे. आता पीस लिलीची पानं पिवळी पडताहेत, मातीवर बारीक चिलटं उडताहेत. पाऊस तर कुंड्यांवर पडत नाही, मग पाणी कमी करायचं का? आणि थंडीत काय करायचं?

फोंडा_परसबाग
लगेच कमी करा. पाऊस आत येत नसला तरी हवा दमट असते, त्यामुळे पानांतून पाणी फारसं उडत नाही आणि मातीही वाळत नाही. वर ढगांमुळे उजेड कमी, म्हणून झाडाची तहानही मंदावते. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. चिलटांच्या अळ्याही त्याच ओलाव्यात वाढतात.

दोन पेरं बोट मातीत घाला, ओलं लागलं तर झारीला हात लावू नका. पीस लिली तहानली की तिची पानं लोळतात आणि पाणी मिळताच पुन्हा उभी राहतात. माती ओली असूनही पानं लोळली तर मात्र कुंडीतून काढून मुळं बघा. तपकिरी, लिबलिबीत असतील तेवढी कापून टाका आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा. स्नेक प्लांटला गणेशचवथीपर्यंत विसरलात तरी चालेल.

थंडीबद्दल सगळीकडे ‘पाणी कमी करा’ असंच वाचायला मिळतं. तो सल्ला थंड देशांतला, तिथे दिवस लहान आणि अंधारे असतात. आपल्याकडे जानेवारीत दुपारी पारा तिशीच्या पुढे, आभाळ मोकळं, सकाळी जमिनीकडून कोरडा वारा. कुंड्या जुलैपेक्षा लवकर वाळतात. गोव्यात घरातल्या झाडांना पाणी कमी लागतं ते पावसाळ्यातच, असं माझं ठाम मत आहे.

म्हापसा_गच्ची
कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) असेल तर बोटावर विसंबू नका. ते वरून सुकं दिसतं, खाली चिंब असतं. कुंडी उचलून वजनावरून ठरवा. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

मिरामार_तिसरा_मजला
मनापासून आभार! अरेका एसीच्या खोलीत आहे, त्यालाही हेच लागू?

फोंडा_परसबाग
नाही, एसी हवा कोरडी करतो. त्याची माती वेगळी तपासा, आणि थेट वाऱ्याच्या झोतातून बाजूला घ्या, नाहीतर पानांची टोकं करपतील.