गच्चीवरचा टॉवर आणि रेडिएशन

सचिव: बी विंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा प्रस्ताव रविवारच्या सभेत येतोय. हरकती इथे कळवा.

ए-७०१ काकू: माझी ठाम हरकत. ह्यांना रेडिएशन दिलं तेव्हा मानेची कातडी काळी पडली, घास गिळता येईना. तेच चोवीस तास घरासमोर कशाला?

सी-४०३: काकू, काकांचे ते दिवस मी पाहिलेत. रेडिओथेरपी विभागातच काम करते म्हणून सांगते, ते वेगळं. ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पसरली की इंग्रजीत रेडिएशनच म्हणतात: उन्हाची ऊब, ट्यूबलाइटचा उजेड, रेडिओच्या लहरी, एक्स-रे, सगळं त्यातच. मराठीत त्याला प्रारण म्हणतात. युरेनियमसारख्या द्रव्यातून आपोआप निघतो तो किरणोत्सर्ग. टॉवरच्या बातमीतही किरणोत्सर्गच छापतात, मग चेर्नोबिल आठवणारच.

काकांना दिले ते उच्च ऊर्जेचे एक्स-रे. ते अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात, पेशीतला डीएनए तोडतात. कर्करोगाची गाठ मारायला तेच हवं असतं. मोबाईलच्या लहरींत ती ताकद नाही. तीव्रता फार असली तर त्या शरीर तापवतात, म्हणून अँटेनाच्या अगदी समोर उभं राहायचं नसतं.

बी-२०१: मग मोबाईलच्या लहरींना २०११ साली कर्करोगाच्या यादीत का घातलं?

सी-४०३: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘२बी’ गटात घातलं. म्हणजे शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित. आणि तोही मुख्यतः कानाला लावायच्या फोनबद्दलचा. एक्स-रे पहिल्या गटात आहेत, तिथे पुरावा पक्का. २०१२ मध्ये भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली होती.

ए-७०१ काकू: तू म्हणतेस ते पटतं गं. पण ती गच्ची आमच्या खिडकीच्या समोरासमोर येते. नातवंडं त्याच खोलीत झोपतात.

सी-४०३: हे मात्र रास्त आहे काकू. अँटेनाचा झोत खाली कमी, समोर आडवा जास्त जातो. बी विंगच्या खालच्या मजल्यांपेक्षा प्रश्न तुमच्या खिडकीचा आहे. अँटेनाची दिशा, उंची आणि अंतर बघितल्याशिवाय मीसुद्धा हो म्हणणार नाही. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर शुल्क भरून मोजणी मागता येते.

सचिव: दिशेचा नकाशा सभेआधी मागवतो. मोजणी काकूंच्या खिडकीत, खर्च कंपनीचा, ही अट करारात घालू.

बी-२०१: आणि स्लॅब तेवढं वजन पेलेल का, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. पावसाळ्यात सातवा मजला आधीच गळतो.