‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ का नाही?

प्रश्न :
मी दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. क्रियापदांची तिन्ही रूपे मुलांना तोंडपाठ आहेत; तरीही ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ याचे इंग्रजी बहुतेक जण ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ असेच करतात. तेथे ‘आय वेन्ट’ हवे, हे मी सांगते. पण ‘मराठीत होतो आहे, मग हॅड का नको?’ या त्यांच्या प्रश्नाला पटेल असे उत्तर काय द्यावे?

उत्तर १ :
मुलांचा प्रश्न रास्त आहे. मराठीत ‘गेलो होतो’ म्हटले की जाणे आटोपले आणि बोलणारा परत आला, एवढे सहज कळते. इंग्रजीतील ‘हॅड’कडे हे काम नाही. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवण्यासाठी ते येते. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे आपण पोहोचण्याआधीच गाडी सुटलेली होती. तेथे नुसते ‘लेफ्ट’ लिहिले, तर आपण पोहोचलो आणि मग गाडी सुटली, असा अर्थ होतो. म्हणून ‘हॅड’ लिहिणाऱ्या मुलाला ‘कशाच्या आधी?’ असे विचारावे. वाक्यात किंवा संदर्भात त्याचे उत्तर नसेल, तर साधा भूतकाळच योग्य.

उत्तर २ :
हीच गफलत ‘आहे’मुळेही होते. ‘मी तो किल्ला गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत खटकत नाही, परंतु ‘आय हॅव सीन दॅट फोर्ट लास्ट इयर’ हे इंग्रजीत चालत नाही, कारण ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’ किंवा ‘इन 2019’ असा संपलेला काळ सांगितला की ‘आय सॉ’ असेच म्हणावे लागते. ‘लास्ट इयर’ गाळल्यास ‘हॅव सीन’ निर्दोष ठरते. (आपण तर घरातून निघण्याआधीच ‘आलोच’ म्हणतो, तेव्हा मराठी रूपावरून इंग्रजी काळ ठरवू नये, हेच बरे.) ‘डिड नॉट वेन्ट’ची चूकही याच वर्गात आढळेल, भूतकाळ ‘डिड’ने दाखवलेला असल्यामुळे पुढे मूळ रूप ‘गो’च येते.

उत्तर ३ :
पहिल्या उत्तरातील कसोटी उपयुक्त आहे, मात्र ती फार ताणू नये. ‘आफ्टर ही फिनिश्ड द वर्क, ही वेन्ट होम’ यात आधीची घटना असूनही ‘हॅड’ अनिवार्य नाही, कारण क्रम ‘आफ्टर’नेच स्पष्ट होतो. उत्तरपत्रिकेत असे वाक्य चूक धरू नये.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. मग ‘जाऊन परत आला’ ही छटा इंग्रजीत कशी दाखवायची?

उत्तर १ :
‘आय वेन्ट टू नाशिक यस्टरडे’ हे तुम्ही आज आपल्या गावी बसून म्हणालात, तर परत आल्याचे ऐकणारा गृहीतच धरतो. काळ सांगायचा नसेल, तर ‘ही हॅज बीन टू नाशिक’ म्हणजे जाऊन आला आणि ‘ही हॅज गॉन टू नाशिक’ म्हणजे गेला आहे, अजून परतलेला नाही.