पालकसभेत 'आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं?' याला काय उत्तर द्यावं?

भोईवाडा_अभ्यासिका

परळ-भोईवाड्यात आमची अभ्यासिका चालते, पाचवी ते नववीची मुलं. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. वीसेक पालक येतील, बहुतेक आया. विषय घेतलाय मुलांना घरी बसणारा मार आणि पालकांचं स्वतःचं बालपण. जाणकारांकडून हवं आहे ते असं:

१. 'आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?' हा प्रश्न येणारच. काय बोलायचं?
२. नेटवर दहा प्रश्नांची एक चाचणी फिरते, बालपणी काय काय सोसलं त्याचे गुण मोजायची. ती वाटावी का?
३. सभेत कोणी रडायला लागलं तर?
४. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. 'राग आला की दुसऱ्या खोलीत जा' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

---

निवांत_मानसी

आधी दुसरा प्रश्न. चाचणी वाटू नका. ती ज्या अभ्यासातून आली तो अमेरिकेत सॅन डिएगोत झाला आणि १९९८ साली छापून आला. ९५०८ प्रौढांना बालपणीच्या सात प्रकारच्या त्रासांबद्दल विचारलं होतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारहाण वगैरे. नंतर प्रकार दहा झाले. निम्म्याहून जास्त लोकांनी निदान एक तरी प्रकार सांगितला. चार किंवा जास्त प्रकार सांगणाऱ्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. पण हा आकडा हजारो माणसांच्या गटाचा आहे. एकट्या बाईच्या हातात 'सहा गुण' असा कागद दिलात तर ती तो पत्रिकेसारखा वाचणार. शिवाय मार रोज होता की वर्षातून एकदा, आणि तेव्हा जवळ कोणी होतं का, हे त्या चाचणीत येतच नाही.

आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे. 'काय बिघडलं' म्हणणाऱ्या बाईशी वाद घालू नका, बिघडलंय हे सिद्ध करायला तर मुळीच जाऊ नका. विचारा, 'मार बसल्यावर तुम्ही कोणाकडे जायचात?' कोणी आजी सांगेल, कोणी शेजारची काकू, कोणी शाळेतल्या बाई. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला गेला. जास्त धोक्याच्या घरांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा आढळलेली एक गोष्ट म्हणजे घरातलं किंवा बाहेरचं, भरवशाचं एक तरी मोठं माणूस. म्हणजे बाई सावरली ती मारामुळे नव्हे, आजीमुळे. हे तिच्याच तोंडून येऊ द्या. मग पुढचा प्रश्न: 'तुमच्या मुलाची अशी आजी कोण?'

कोणी 'हे परदेशातलं, आपल्याकडे नाही' म्हणालं तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल सांगा. १३ राज्यं, त्यात महाराष्ट्रही, आणि १२,४४७ मुलं. दर तीनांतल्या दोघांना शारीरिक मारहाण झाल्याचं निघालं. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते.

आता शरीरात काय होतं ते, कारण आयांना हे पटकन कळतं. लहानपणी सतत धास्तीत राहिलेल्या मेंदूची धोका ओळखणारी घंटा जरा धक्का लागला तरी वाजायला लागते. दूध सांडलं, भांडं पडलं, नवऱ्याची चावी कुलुपात जरा जोरात फिरली, की घंटा वाजते. छाती धडधडते, जबडा आवळतो, हात उचलला जातो. विचार करणारा भाग जागा होईपर्यंत मार देऊन झालेला असतो. म्हणून 'रागावर ताबा ठेवा' हा उपदेश वाया जातो. घंटेच्या आधीचे काही क्षण पकडायला शिकवावं लागतं.

त्यासाठी सात दिवसांची चिठ्ठी. चार रकाने: किती वाजता, दहा मिनिटं आधी काय चाललं होतं, अंगात कुठे कळलं, पुढे काय केलं. मुलाने काय चूक केली हा रकाना मुद्दाम ठेवू नका, नाहीतर सगळी चिठ्ठी तक्रारीने भरते. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर त्या वेळेची खूण पुरे. आठवड्यात बहुतेकींना एक-दोन वेळाच सापडतात: सकाळी पाण्याची वेळ, किंवा संध्याकाळी कामावरून आल्यावर पोटात काही नसताना. अशा वेळी उपाय मानसशास्त्रात नसतो. आधी दोन बिस्किटं खायची, मग वही तपासायची.

---

चाळकरी_ताई

मानसीताईंना अनुमोदन. खोलीच्या प्रश्नाबद्दल.

दुसरी खोली नाही, पण मोरी आहे, गॅलरी आहे, जिना आहे. मोरीत जाऊन मनगटांवर आणि तोंडावर गार पाणी घ्यायचं. मग पाय जमिनीला टेकवून, डोळे उघडे ठेवून श्वास: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहाच श्वास होतात. दोन-तीन मिनिटं पुरतात. बाहेर सोडताना लांबवायचा, आत जोरात ओढायचा नाही. सभेत करून घेताना इथेच घोळ होतो. 'खोल श्वास घ्या' म्हटलं की माणसं भराभर मोठे श्वास घेतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरून सोडून देतात. डोळे मिटायला तर सांगूच नका. ज्यांच्यावर अत्याचार झालेत त्यांना डोळे मिटल्यावर शांतता मिळत नाही, नको ते दिसायला लागतं.

घरात एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. 'दूध बघून येते' म्हटलं की घरातल्या दुसऱ्या माणसाने मुलाकडे बघायचं, प्रश्न न विचारता. सासूबाई 'मारल्याशिवाय वळण लागत नाही' पंथातल्या असतील तर त्यांना तत्त्वज्ञान सांगू नका, हे काम सोपवा. कामाला बऱ्याच आज्या तयार होतात.

आणि हात उचलला गेलाच तर? यावर सभेत निदान वीस मिनिटं ठेवा, कारण हे कोणीच शिकवत नाही. त्याच दिवशी, झोपायच्या आधी, मुलाच्या उंचीला बसून तीन वाक्यं: 'मघाशी मी तुला मारलं. ते चुकलं, आणि ती चूक माझी. पुढच्या वेळी राग आला की मी आधी मोरीत जाईन.' बस. बिघडतं ते इथे:

- 'पण तूही ना...' म्हटलं की माफी संपली.
- चॉकलेट देऊन विषय मिटवला तर मूल शिकतं की मारानंतर खाऊ असतो.
- 'माफ केलंस ना? मग हस बघू' म्हणजे आईला बरं वाटवायची जबाबदारी मुलावर.
- रडून रडून माफी मागितली तर मूलच आईची समजूत घालत बसतं.

अभ्यासाची किंवा दूध सांडण्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी, वेगळी बोलायची.

---

वकील_काकू

एक गोष्ट सभा सुरू होतानाच सांगून टाका: 'इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर आम्हाला कळवावंच लागेल.' पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायची जबाबदारी आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अभ्यासिकेतल्याच कोणा हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा प्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत. आधी गुप्ततेचं वचन देऊन नंतर पोलिसांत जाणं हा त्या बाईच्या दृष्टीने दुसरा दगा असतो, म्हणून आधी सांगायचं.

मुलाची चौकशी तुम्ही करू नका. त्याने जे शब्द वापरले ते तसेच, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा आणि थांबा. कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. लोकांना हे माहीत नसतं आणि 'ठाण्याची पायरी' या शब्दानेच ती मागे फिरतात. १०९८ या मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकावर (चाइल्डलाइन) कोणीही फोन करू शकतं. ही सेवा सुरू झाली तीच मुंबईत, १९९६ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेतून.

---

निवांत_मानसी

रडण्याचा प्रश्न राहिला होता. रडू येणं अपघात नाही, रडू द्या. काळजी करायची ती गोठणाऱ्या बाईची: नजर एका जागी, हाक मारली तरी ओ नाही. तिला हात लावू नका, मिठी तर नकोच. नाव घेऊन, साध्या आवाजात: 'सुनीताताई, आपण अभ्यासिकेत आहोत, आज रविवार. खिडकीतून काय काय दिसतंय, पाच गोष्टी सांगा.' पाण्याचा ग्लास हातात द्या, त्याचा गारवा कळतो. 'काय झालं होतं?' हा प्रश्न त्या दिवशी विचारायचाच नाही. वीस जणींत दोघी कार्यकर्त्या हव्यात, एक बोलणारी आणि एक फक्त चेहरे बघणारी.

म्हणून सभेत अनुभवकथन ठेवू नका. एकीने सगळं सांगितलं की बाकीच्यांच्या जखमा उघडतात, आणि चाळीत दुसऱ्या दिवशी नळावर तिची गोष्ट तिच्याआधी पोचते.

पुढे पाठवायचं कुठे: केईएम, नायर, सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात जायचं. गर्दीमुळे डॉक्टरांचा वेळ थोडा मिळतो, म्हणून 'औषधाबरोबर बोलण्याचे उपचारही हवेत' असं तोंडाने मागायचं. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. फोनवर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही.

खासगीत जाणार असतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. पहिल्याच भेटीत 'सगळं अथपासून सांगा' म्हणून खोदणारा उपचारक टाळावा. नीट उपचारात आधी आजची सुरक्षितता आणि शरीर शांत करणं, मग जुन्या आठवणींचं काम, मग नाती आणि पुढचं आयुष्य. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आघातावर करायचे उपचार), त्याच्या आठ टप्प्यांतही पहिले दोन पूर्वेतिहास आणि तयारीचेच. मुलांसाठीची आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारे बोलण्याचे उपचार) साधारण १२ ते १६ भेटींची असते आणि तिच्यात पालकालाही बसावं लागतं. 'मुलाला सोडून जातो, दुरुस्त करून द्या' असं चालत नाही.

---

भोईवाडा_अभ्यासिका

सगळ्यांचे आभार, चाचणीच्या झेरॉक्स रद्द! अजून एक. 'मग आता आईवडिलांना जाब विचारायचा का?' असं कोणी विचारलं तर? बऱ्याच जणींचे वडील गिरणी कामगार होते.

---

जुना_खटारा

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार बंद झालेला बाप, गावाकडून येणाऱ्या तांदळावर चाललेलं घर, त्यात गुत्ता. हे समजून घेतलं की 'मी वाईट होते म्हणून मार बसला' ही लहानपणची समजूत सुटायला मदत होते, तेवढ्यासाठी हा इतिहास उपयोगी. बापाला निर्दोष ठरवायला तो वापरू नका. संपात होरपळलेल्या सगळ्याच बापांनी पोरांना पट्ट्याने झोडलं नाही.

जाब विचारण्याआधी तिने एकच तपासावं: 'असं काही झालंच नाही' हे उत्तर आलं तर मी रात्री झोपू शकेन का? नसेल तर थांबावं, कारण बहुधा तेच उत्तर येतं. गणपतीत गावी सगळे जमलेत म्हणून तिथे विषय काढू नये, अख्खं खानदान बापाच्या बाजूला बसतं. आणि माफ करणं ही बरं होण्याची अट नाही. म्हातारा बाप त्याच खोलीत असेल तर अंतर जागेने ठेवता येत नाही, विषयाने ठेवता येतं: औषधपाणी, जेवणखाण बघेन, माझ्या मुलांना शिस्त लावायचं काम तुमचं नाही.

घरात दारू अजून चालू असेल तर नातेवाइकांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, पिणारा येवो न येवो. मुंबईत मराठीतही चालतात.

---

चाळकरी_ताई

सूचनाफलकावर 'बालपणीचे आघात' असं लिहू नका, कोणी फिरकणार नाही. 'मुलावर हात उचलावासा वाटतो तेव्हा' असं लिहा. रविवारी दुपारी चारला ठेवा आणि साडेपाचला सोडा. लहान भावंडांना घेऊनच येतील, तेव्हा त्यांना सांभाळायला बाजूला कोणीतरी हवं.