आफ्रिकन ग्रे पोपट घरी आणायचाय, परवानगी नक्की कोणाची लागते? (कोथरूड / मुळशी)

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

आमच्या बिल्डिंगमधले शेजारी काका-काकू कायमचे मुलाकडे कॅनडाला चाललेत. त्यांच्याकडे आफ्रिकन ग्रे आहे, नाव बंड्या, वय साधारण चौदा. कुकरची शिट्टी हुबेहूब काढतो आणि लगेच काकूंच्या आवाजात "गॅस बंद करा हो" म्हणतो. माझ्या लेकीचा त्याच्यावर फार जीव आहे आणि त्याचाही तिच्यावर. त्याला सोबत नेण्याची काकांनी चौकशी केली. पण दोन्ही देशांचे परवाने, तपासण्या आणि एवढा प्रवास या वयात त्याला झेपणार नाही असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांनी आम्हाला विचारलंय. पैशांचा काही संबंध नाही.

आम्ही राहतो कोथरूडला, टू बीएचके. पौडच्या पुढे सासू-सासऱ्यांचं फार्महाऊस आहे, तिथे मोठी जाळीची खोली करून त्याला वर्षातले काही महिने मोकळं ठेवता येईल असा विचार आहे. सासऱ्यांना तर त्याच्यासाठी जोडीदारीण आणायची आहे.

आता गोंधळ असा की सेक्रेटरी म्हणतात सोसायटीची एनओसी घ्या. एक मैत्रीण म्हणते कुत्र्यासारखा महापालिकेचा परवाना काढा. फार्महाऊसच्या गावात सांगतात ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. नेटवर वाचलं तर परदेशात स्थानिक कौन्सिल परवाना देतं असं दिसतं. काकांकडे दुकानाची जुनी पावती आहे आणि 2020 साली सरकारला कळवल्याचा एक कागद आहे, त्यावर मुख्य वन्यजीव रक्षकांची सही आहे. एवढं पुरे का? शंभराच्या स्टॅम्प पेपरवर बक्षीसपत्र केलं तर चालेल का?

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया नीट सांगा. सगळं नियमात बसवूनच त्याला घरी आणायचं आहे.

टकाचोर

मृण्मयीताई, आधी विचारताय हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण पक्षी घरी आल्यावर विचारतात.

महापालिका, ग्रामपंचायत आणि सोसायटी या तिघांचाही बंड्याशी थेट संबंध नाही. तुमचं काम वन विभागाशी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्याआधी परदेशी पक्ष्यांना हा कायदा जवळपास शिवतच नव्हता, म्हणून दुकानदार "एक्झॉटिक है, लीगल है" म्हणून विकायचे. आता सायटिस करारातल्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) प्राण्यांसाठी कायद्यात अनुसूची 4 आली आणि कलम 49 एम आलं. या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो कळवायचा आणि नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं. हस्तांतर केलं तर तेही कळवायचं, पिल्लं झाली किंवा प्राणी मेला तरी कळवायचं. याची नियमावली फेब्रुवारी 2024 मध्ये आली. तेव्हा ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती 28 ऑगस्ट 2024 ला संपली. आता नवा प्राणी ताब्यात आला की 30 दिवसांत अर्ज करायचा. अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश 2.0 पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात ते कार्यालय नागपूरला आहे. शुल्क हजार रुपये.

आता काकांच्या कागदाबद्दल. जून 2020 मध्ये केंद्राने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती, त्यातलं ते प्रमाणपत्र असणार. ते सोन्यासारखं जपा, कारण पक्षी काकांकडे तेव्हापासून आहे याचा तो सरकारी पुरावा आहे. मात्र ते 49 एम च्या आधीचं आहे. काकांनी 2024 मध्ये परिवेशवर नवी नोंदणी केली होती का, हे आजच विचारा. केली असेल तर पुढचं सोपं आहे. काका हस्तांतर कळवतील, तुम्ही तुमच्या नावाचं प्रमाणपत्र घ्याल. केली नसेल तर ते भारतात असतानाच त्यांनी उपवनसंरक्षक कार्यालयात जाऊन लेखी विचारावं आणि पोचपावती घ्यावी. स्टॅम्प पेपर जोडायला हरकत नाही, पण त्याने नोंदणी होत नाही.

काळा_कोट

टकाचोर यांनी बरोबर सांगितलंय, त्यात थोडी भर घालतो.

आफ्रिकन ग्रे हा सायटिसच्या परिशिष्ट 1 मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतला पक्षी आहे. 2016 साली जोहान्सबर्गच्या परिषदेत तो परिशिष्ट 2 मधून वर गेला, कारण आफ्रिकेतल्या जंगलांतून पकडून पकडून त्याची संख्या फार घटली होती. त्यामुळे सासरेबुवांच्या जोडीदारिणीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. परिशिष्ट 1 मधल्या प्राण्याची पैदास करायची तर कलम 49 एन खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा वेगळा परवाना लागतो. "आम्ही पैदास करत नव्हतो, अंडी आपोआप घातली" हा बचाव मला अशिलासाठी उभा राहून मांडायला आवडणार नाही.

कायदा मोडला तर कलम 51 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पक्षी जप्त होतो. घरात इतकी वर्षं माणसांत वाढलेला पक्षी एका रात्रीत अनोळखी पिंजऱ्यात जातो. मी एक असा ग्रे पाहिलाय, छातीवरची पिसं सगळी उपटून टाकली होती त्याने.

सोसायटीबद्दल: 49 एम मध्ये एनओसीचा शब्द नाही. सेक्रेटरींना माहितीसाठी प्रमाणपत्राची प्रत द्या, संबंध चांगले राहतात. पण प्रमाणपत्र आहे म्हणून पहाटे पाचला होणाऱ्या किंचाळण्याची तक्रार कुणी करू शकत नाही असं समजू नका, तो वेगळा विषय आहे.

आप्पा_भोर

गावाकडचं सांगतो. ग्रामपंचायतीला पक्षी पाळण्याची परवानगी द्यायचा अधिकार नाही, त्यामुळे ठराव घेऊन काही उपयोग नाही. पक्की खोली बांधणार असाल, पाया-भिंती-स्लॅब, तर मात्र बांधकाम परवानगी बघावी लागेल आणि मुळशी पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) येतं. लोखंडी सांगाडा आणि जाळी उभी करणार असाल तरी आधी विचारून घ्या. आणि परिवेशवर जागेचा पत्ता कोथरूडचा देणार की पौडचा हे ठरवा. पक्षी दोन्हीकडे राहणार असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. उद्या तपासणीला माणूस आला आणि पक्षी दुसऱ्याच ठिकाणी सापडला तर विनाकारण खुलासे देत बसावं लागतं.

लेस्टरकर

मृण्मयी, तू नेटवर वाचलेलं खोटं नाही, पण ते इथलं आहे. इंग्लंडमध्ये 1976 चा धोकादायक वन्यप्राणी कायदा आहे, त्याचा परवाना खरंच स्थानिक कौन्सिल देतं. पशुवैद्य घरी येऊन जागा तपासतो, विमा लागतो. पण तो विषारी साप, मगरी, वाघ-बिबळ्यांसारख्या प्राण्यांसाठी आहे. पोपट त्यात येतच नाहीत. इथेही ग्रे विकायचा असेल तर केंद्रीय खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, कौन्सिलचं नाही. तेव्हा इथल्या वेबसाइटवरचे फॉर्म वाचून पुण्यात काही शोधू नकोस.

शाल्मली_एस

ताई, मी कागदांपेक्षा बंड्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे ग्रे आहे.

पायातली रिंग बघितली का? पिल्लू अगदी लहान असताना त्याच्या बोटांवरून सरकवलेली बिनजोडाची अखंड रिंग असेल तर तो पिंजऱ्यात जन्मल्याचा चांगला पुरावा असतो. मोठ्या पक्ष्याच्या पायात ती घालता येत नाही. उघडी, चिमट्याने दाबलेली रिंग कुणीही कधीही घालू शकतो. नंबर वाचायला पक्ष्याला धरू नका, घाबरून जातो. त्याच्या आवडीची लाल मिरची द्या. ग्रे एक पाय वर करून मिरची धरून खातो, तेव्हा रिंग सरळ तुमच्या समोर येते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, मग थांबवून मोठं करून वाचा. रिंग फिरवलेली असते, त्यामुळे एका फ्रेममध्ये सगळे आकडे येत नाहीत.

फार्महाऊसबद्दल मला खरंच काळजी वाटते. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ओल आणि बुरशी ग्रेच्या फुप्फुसांना अजिबात सोसत नाही, बुरशीचा संसर्ग झाला तर वाचवणं कठीण जातं. जूनपासून तो शहरातच असू दे. हिवाळ्यात तिकडे नेलंत तर उत्तम, कोवळं ऊन त्याला हवंच, ग्रेमध्ये कॅल्शियमची कमतरता फार दिसते आणि उन्हाशिवाय ते अंगी लागत नाही. जाळी बारीक आणि दुहेरी घ्या, उंदीर आला की मागोमाग साप येतो. नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी व्हिनेगरने घासून धुवा, नाहीतर ग्रे ती चावतात आणि जस्त पोटात जातं.

आणि स्वयंपाकघर! नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. बंड्या तुमच्याकडे येण्याआधी लोखंडी तव्यावर या. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट बंद. काका फक्त सूर्यफुलाच्या बिया देत असतील तर हळूहळू मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, गाजर, डाळिंब यावर आणा. एकदम बदलू नका, उपाशी राहील पण खाणार नाही.

सर्वात महत्त्वाचं, काका जाण्याआधी त्याला तुमच्या घरी रोज थोडा वेळ आणा. माणसं अचानक नाहीशी झाली की ग्रे फार खचतो. हा पक्षी पन्नास वर्षं जगू शकतो, तुमची लेक त्याला पुढे सांभाळेल असं धरूनच निर्णय घ्या.

नीलिमा_ठाणे

माझा प्रश्न जरा वेगळा, पण इथेच विचारते. आईकडे कितीतरी वर्षं हिरवा मिठू आहे, आपला साधा पोपट. आणि बहिणीने वास्तूसाठी म्हणून पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणलंय. त्यांचीही नोंदणी करता येईल का परिवेशवर?

टकाचोर

नाही नीलिमाताई, आणि इथेच लोकांची सर्वात मोठी चूक होते. परिवेशची नोंदणी परदेशी, सायटिसच्या यादीतल्या प्राण्यांसाठी. आपला कंठवाला पोपट भारतीय वन्यपक्षी आहे, अनुसूची 2 मध्ये आहे. तो पाळणं बेकायदा आहे आणि त्याची नोंदणी होऊच शकत नाही. मोठा करण पोपट आणि मुनियाही तशाच. पण आईंना पिंजरा उघडून सोडायला सांगू नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, कावळे किंवा मांजर त्याला संध्याकाळपर्यंत संपवतात. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा, ते ताब्यात घेतात.

कासवाचं मात्र उद्यावर ढकलू नका. ते तारा कासव, अनुसूची 1. तिथे शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होते. ते घरात ठेवल्याने भरभराट होते म्हणून हजारोंनी रानातून उचलली जातात, खोक्यात कोंबून पाठवली जातात, निम्मी वाटेतच मरतात की काय अशी अवस्था असते. बहिणीला समजावा, 1926 ला स्वतःहून कळवा, जमल्यास वकिलाला सोबत घेऊन.

आणि कुणाकडे लाल कानाची छोटी कासवं टबमध्ये असतील तर तीही तलावात किंवा नदीत सोडू नका. ती अमेरिकेतली, ताटलीएवढी मोठी होतात, आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतात.

पक्षीवेडा_सांगली

बजरीगर, कॉकाटील यांना पण लागते का नोंदणी? दुकानदार म्हणतो सगळ्याला लागते आणि माझ्याकडून दोन हजार मागतोय.

काळा_कोट

देऊ नका. बजरीगर, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड सायटिसच्या परिशिष्टांतून वगळलेले आहेत, त्यांना 49 एम ची नोंदणी नाही. फिशर लव्हबर्ड, सन कॉन्युअर, मकाव, काकाकुवा यांना लागते. इग्वाना आणि बॉल पायथनलाही. खरेदी करताना इंग्रजी नावावर जाऊ नका, शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्या, अर्जात तेच विचारतात. आणि 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाचीच राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र आधी दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ते नाही तो तुम्हाला बाकीचे कागद काय देणार?

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांशी बोलले. त्यांनी 2024 मध्ये परिवेशवर नोंदणी केली होती, मुलाने कॅनडातून भरून दिली होती, प्रमाणपत्र सापडलं. जीव भांड्यात पडला. शाल्मली, मिरचीची युक्ती चालली, अखंड रिंगच आहे. पण एक अडचण. प्रमाणपत्रावर नंबरात शेवटी 8 आहे, व्हिडिओत मला ते 3 सारखं दिसतंय, रिंग बरीच झिजली आहे. सोडून देऊ का? सासऱ्यांनी जोडीदारिणीचा विषय सोडलाय.

टकाचोर

सोडून देऊ नका. पक्ष्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे नेऊन भिंगाखाली वाचून घ्या आणि त्यांच्या लेटरहेडवर नंबर, पक्ष्याचं वय, वजन, शेपटीचा रंग, काही खुणा असतील त्या लिहून घ्या. मायक्रोचिप बसवता येईल का तेही त्यांनाच विचारा, झिजलेल्या रिंगला तो चांगला आधार होतो. 8 निघाला तर ते पत्र हस्तांतराच्या अर्जाला जोडा. 3 निघाला तर दुरुस्ती काकांच्याच लॉगिनवरून आणि त्यांच्याच सहीने व्हायला हवी, आणि ती हस्तांतराच्या आधी. त्यांचं तिकीट कधीचं आहे?

मृण्मयी_कोथरूड

पुढच्या महिन्याच्या शेवटी. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे, काका स्वतः येणार आहेत.